वाट वाकडी करून तेर : लहान गावातलं संग्रहालय बघायचं तरी कसं?

हरवलेली छत्री (धागाकर्ता), शनिवार रात्री ९:४२

मागच्या महिन्यात लातूरला मेहुण्याच्या मुलाची मुंज होती. परतताना अर्धा दिवस हाताशी होता आणि मागच्या सीटवर दोन मुलं 'आता काय, आता काय' करत होती. बायको म्हणाली, तेर करू. मला वाटलं गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊ आणि सुटू. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीहून आत वळलो, दर्शन झालं, तर देवळातल्या एका आजोबांनी विचारलं, "म्युझियम पाहिलं का? मग तेरला येऊन काय केलं?" असं म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल.

रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं भारावून गेलो आणि पुढची पंधरा घड्याळाकडे बघण्यात गेली. मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, डोक्यांशिवाय धडं, धडांशिवाय डोकी, खापरं. सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं, सगळं मोलाचं, आणि माझ्या डोळ्याला सगळं सारखंच. ज्या हस्तिदंती बाहुलीबद्दल एवढं ऐकलं होतं ती वीतभरही नाही. धाकटा म्हणाला, "एवढीशी?" मी त्याला दटावलं, पण माझ्याही मनात तेच होतं.

दोष संग्रहालयाचा नाही, माझा डोळाच तयार नाही हे मान्य. तरी प्रश्न पडला. मुंबईला भव्य संग्रहालय आहे, तिथे सगळं नीट मांडलेलं, समजावलेलं असतं. मग अशा लहान गावातल्या वस्तू तिथेच का नेऊ नयेत? चार लोकांऐवजी चार लाख लोक बघतील. आणि नेऊ नये असं वाटत असेल तर सांगा, माझ्यासारख्याने अशा ठिकाणी जाऊन नेमकं काय बघायचं?

सोमवारचा उपास, शनिवार रात्री ९:५८

सोमवारी गेला नव्हतात ना? मग नशीबवान आहात. माझा अनुभव असा की मी गेलो की सोमवार असतोच.

खापरतोंड्या, शनिवार रात्री १०:०५

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन सगळ्या संतांची डोकी तपासली होती, कोणाचं मडकं पक्कं आणि कोणाचं कच्चं ते बघायला. धागाकर्ते थेट त्यांच्याच गावात जाऊन आले आणि निकाल स्वतःच लावून मोकळे झाले. (हलके घ्या.)

तेरणाकाठ, शनिवार रात्री १०:४०

मी तेरचाच. सध्या नोकरीसाठी पुण्यात. छत्रीराव, राग नाही आला, पण मुंबईला न्या म्हणालात तिथं थोडं दुखलं.

आमच्याकडं गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे माणसं राहिली ती जागा. शेकडो वर्षं चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यावर परत घरं उभी राहिली, त्याची राख-माती साचून टेकाड होतं. तेरच्या आजूबाजूला अशी पांढरीची टेकाडं आहेत. पहिला मोठा पाऊस पडून गेला की आम्ही पोरं तिकडं पळायचो. मातीचा वरचा पापुद्रा वाहून जायचा आणि मणी उघडे पडायचे. लाल, काळे, पांढऱ्या पट्ट्याचे. माझ्या आजीनं असल्याच एका मण्याला दोरा ओवून माझ्या चुलत भावाच्या गळ्यात बांधला होता, दृष्ट लागू नये म्हणून. तो मणी दोन हजार वर्षांचा होता हे आजीला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तर तिनं आणखी घट्ट बांधला असता.

हे सांगायचं कारण असं. पांढरीची माती खताला फार चांगली. गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात जायची. मराठवाड्यात किती पांढऱ्या अशा शेतात पसरल्या याचा हिशोब नाही. त्या मातीबरोबर जे जायचं ते कोणाला दिसायचं नाही. आमच्या गावात एका माणसाला ते दिसलं. रामलिंगप्पा लामतुरे ना प्राध्यापक होते ना साहेब. गावातला माणूस, गावात सापडेल ते जपून ठेवत गेला. तो संग्रह पुढं शासनाकडं आला, त्याचं हे संग्रहालय. त्यांच्या नावानं ते आमच्या गावात आहे ते का, हे कळलं असेल आता. मुंबईला नेलं तर वस्तू राहतील, पण त्या माणसाच्या जमवण्याला अर्थ काय?

ओट्यावरचा, शनिवार रात्री १०:४४

आजीला +१.

रंकाळा, शनिवार रात्री ११:१२

तेरणाकाठ, लई भारी लिहिलंय राव. आमच्या कोल्हापुरातली गोष्ट सांगतो. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४०च्या दशकात तिथं उत्खनन झालं आणि रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू निघाल्या. त्यात एक पोसायडन. ग्रीकांचा समुद्रदेव, आणि सापडला कुठं तर समुद्रापासून घाट चढून आल्यावर, उसाच्या मुलखात! तो आता टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. ती इमारतही बघण्यासारखी, चार्ल्स मँटनं आखलेली, १८७०च्या दशकातली.

मी लहानपणापासून त्या बागेत भेळ खायला जायचो. आत गेलो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तेही पाऊस आला म्हणून. पोसायडन बघितला आणि मला पण छत्रीरावांच्या धाकट्यासारखंच वाटलं, एवढासा? मग बाहेर येऊन नदीकडं बघितलं आणि डोकं फिरलं. हा पोरगा इथवर आला कसा? हे मुंबईत काचेत बघितलं असतं तर मी पुढच्या दालनात गेलो असतो. इथं मला नदीपर्यंत चालत जावंसं वाटलं.

सोमवारचा उपास, शनिवार रात्री ११:१५

कोल्हापूर 'लहान गाव' सदरात कसं काय? धागा लहान गावातल्या संग्रहालयांचा आहे.

रंकाळा, शनिवार रात्री ११:१६

हे वाक्य कोल्हापुरात येऊन बोलून दाखवा. तांबडा-पांढरा मी देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

इष्टिका, रविवार सकाळी ७:३०

सकाळी चहाबरोबर धागा वाचला. काय बघायचं या प्रश्नाला थोडं लांबलचक उत्तर देते. या विषयात पदव्युत्तर शिक्षण झालंय, पण नोकरी बँकेत. त्यामुळे कोणी ऐकणारं मिळालं की मी सोडत नाही.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात कोणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' नावाचा समुद्रप्रवासाचा मार्गदर्शक आहे, त्यात हे नाव येतं. गुजरातमधल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत खडे यायचे आणि तगरहून मुख्यतः कापड : भरपूर जाडंभरडं, तलम मलमल, आणि एका विशिष्ट जांभळट रंगाचं सुती कापड. हे सगळं बैलगाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून भडोच बंदरात उतरायचं. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीच्या ग्रंथातही तगर आहे. पण हे तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. जुन्नर, देवगिरी, धारूर अशी नावं पुढे आली. शेवटी १९०१च्या सुमाराला इतिहाससंशोधक फ्लीट यांनी ते तेर असल्याचं मांडलं, लगेच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तिथे जाऊन आले, आणि पुढे १९५८ मध्ये चापेकरांचं उत्खनन झालं.

आता काचेकडे या. मृण्मय मूर्तींत एक पांढरट, गुळगुळीत मातीचा प्रकार दिसेल. ती केओलिन. बऱ्याचशा मूर्ती दुहेरी साच्यात काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, दोन्ही जोडून मग भाजायचं. म्हणून त्या आतून पोकळ असतात, आणि म्हणूनच पाठीकडूनही बघण्यासारख्या असतात. लोक चेहरा बघून पुढे जातात. तुम्ही केस बघा. अंबाडा, वेणी, डोक्यावरचे दागिने, कानातली जड कुंडलं. चेहरा सगळ्यांचा सारखा वाटेल, केशरचना नाही वाटणार.

तिथे मातीच्या लहान चकत्याही असतात, रोमन नाण्यावरून उठवलेल्या, वर ओवायला नाकं ठेवलेलं. म्हणजे कोणाला तरी सोन्याचं रोमन नाणं गळ्यात घालायचं होतं, परवडत नव्हतं, म्हणून मातीचं केलं. आज आपण एक ग्रॅम सोन्याचं मंगळसूत्र घेतो ना, तेच.

आणि हस्तिदंती बाहुली. तिच्याच घराण्यातली एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेई इथे सापडली. पाँपेई इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधी तिथे पोचलेली होती. तिसरी एक, तुटकी, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला निघाली. आधी पाँपेईच्या मूर्तीला सगळे लक्ष्मी म्हणत, आता यक्षी म्हणतात. डोक्यात वरून भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या लहान मेजाचा पाय असावा असे तर्क आहेत. छत्रीदादा, मूठ असेल तर 'एवढीशी'च असणार ना?

शेंगोळे, रविवार सकाळी ८:१०

वाचनखूण साठवली. अवांतर : तेरला जेवायचं कुठे? मी धाराशिवची माहेरवाशीण आहे, मला हुलग्याचे शेंगोळे आणि वर तेलाची धार मिळाली की बाकी सगळं इतिहासजमा झालं तरी चालेल. आणि भूमकडचा खवा घेतल्याशिवाय त्या जिल्ह्यातून बाहेर पडू नका.

दख्खनचा वारा, रविवार सकाळी ९:२५

बघा! रोममध्ये आपल्या मूर्ती होत्या. म्हणजे रोमन लोक कला आपल्याकडूनच शिकले. हे शाळेत शिकवत नाहीत. तेर हे जगातलं सर्वात मोठं व्यापारी शहर होतं आणि आपल्याला काही पत्ताच नाही.

इष्टिका, रविवार सकाळी ९:५०

@दख्खनचा वारा, एक मूर्ती पोचली म्हणजे कोणी कला शिकलं असं नाही होत. चिनी मोबाइल आपल्या खिशात आहे म्हणून आपण चिनी बोलायला लागलो का? आणि त्या पाँपेईच्या मूर्तीच्या पायाखाली खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे, ती तर वायव्येकडची लिपी. म्हणजे मूर्तीचा प्रवास सरळ तेर ते रोम असा नसणार, मध्ये कितीतरी हात असतील. मला तर हेच जास्त रंजक वाटतं. 'सर्वात मोठं' म्हटलं की बोलणंच खुंटतं. तगरचं कापड भडोचला जात होतं, हे काय कमी आहे?

दख्खनचा वारा, रविवार सकाळी ९:५८

तुमच्यासारख्यांमुळेच आपण मागे राहिलो. असो. बाकी माहितीबद्दल आभार.

परदेशी पोपट, रविवार दुपारी १:०५

मी नेपल्सला जाऊन ती मूर्ती बघितली आहे. पाँपेईला नाही, ती ठेवलीय नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. आणि कुठे? तिथे एक 'गुप्त दालन' आहे, रोमन काळातली शृंगारिक चित्रं-शिल्पं एकत्र ठेवलेलं. पूर्वी ते बंद असायचं. आपली बाई त्या दालनात उभी! अंगावर दागिने भरपूर आणि वस्त्र जवळजवळ नाही, म्हणून गेली बिचारी तिकडे. सोबत माझी सासू होती. मी "हे बघा आई, आपल्याकडची!" असं मोठ्याने म्हणालो आणि सासूबाई आजूबाजूची चित्रं बघून जे बाहेर पडल्या ते थेट कॉफीच्या दुकानात सापडल्या.

पण एक सांगतो. उंची सुमारे २५ सेंटिमीटर, तेरच्यापेक्षा मोठी, प्रकाश उत्तम, माहिती दोन भाषांत. सगळं होतं. तरी मला ती तिथे परकी वाटली. मग धागाकर्त्यांचा प्रश्न मलाही पडतो. मोठ्या संग्रहालयात गेली म्हणजे वस्तू नीट समजते का? नेपल्सला ती 'विदेशी शृंगारिक वस्तू' झाली. तेरला ती तेरची आहे.

खापरतोंड्या, रविवार दुपारी १:११

सासूबाईंच्या प्रतिक्रियेचा वेगळा धागा काढा.

हरवलेली छत्री (धागाकर्ता), रविवार दुपारी ३:३०

सगळ्यांचे आभार, विशेषतः इष्टिकाताई. मातीच्या नाण्याचं वाचून मी बायकोकडे बघितलं, तिने माझ्याकडे. विषय वाढवला नाही.

पण माझा मुद्दा अजून शिल्लक आहे. हे सगळं ताईंनी सांगितलं म्हणून कळलं. तिथे ताई नसतात. तेरचं सोडा, मी दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी (नाव घेत नाही) असंच संग्रहालय बघितलं. चार तलवारी, चारींच्या पाट्यांवर एकच शब्द : 'तलवार'. तलवार आहे हे मला दिसत होतं हो! पाटी लिहिणाऱ्याला काय अडचण असते?

निळी शाई, रविवार संध्याकाळी ६:२०

मी या पाट्या लिहिल्या आहेत. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मानधनावर, वर्षभर. कोणतं ते विचारू नका.

अडचण अशी. एखादी वस्तू उत्खननात निघते तेव्हा ती कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं, वर-खाली काय होतं, हे सगळं नोंदलेलं असतं. काळ त्यावरून ठरतो. पण जी वस्तू कोणाच्या नांगराला लागली, पावसात उघडी पडली, पोराने खिशात घालून आणली, तिला थर नाही. तिच्याबद्दल प्रामाणिकपणे 'सातवाहन काल' एवढंच म्हणता येतं, तेही घडणीवरून. अशा जमवलेल्या संग्रहांचं हे मोठं दुखणं आहे. जमवणारा नसता तर वस्तूच राहिली नसती, आणि जमवल्यामुळे तिची जागा हरवली. दोन्ही खरं आहे. मला चूक होण्याची इतकी भीती असायची की मी कमीत कमी लिहायचे. तलवारींचं माझं पाप नाही, पण त्या माणसाची अवस्था मी समजू शकते. मूठ कोणत्या घराण्याच्या पद्धतीची आहे हे नक्की माहीत नसताना 'अमुक सरदारांची तलवार' असं लिहून टाकण्यापेक्षा 'तलवार' बरं.

एक मात्र करता येतं, आणि मी निघताना ते सुचवून आले होते : वस्तू कोणी दिली, कोणत्या शेतात सापडली, हे पाटीवर लिहावं. काळ माहीत नसला तरी बांध माहीत असतो.

तेरणाकाठ, रविवार संध्याकाळी ६:५५

निळी शाई, 'काळ माहीत नसला तरी बांध माहीत असतो' हे आमच्या गावाला सांगतो. आम्हाला तर बांधावरूनच कोर्टात जायची सवय.

कुळीथपिठी, रविवार रात्री ८:४०

रत्नागिरीकडून हजेरी. आमच्याकडे थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढल्या वर्षी आमच्या गावात आणून ठेवलं. राजवाडा बांधून पुरा झाला १९१० मध्ये, राजा वारला १९१६ मध्ये. म्हणजे आयुष्याची तीस वर्षं इथे, त्यातली सहाच त्या वाड्यात. तिथे संग्रहालय आहे. पण पाहुण्यांना घेऊन गेलं की ते खाडीकडच्या गॅलरीत उभे राहून फोटो काढतात आणि विचारतात, "आंबे कुठे मिळतील?" मी आता आधी वाडा आणि मग आंबे असा क्रम सक्तीचा केला आहे.

साताऱ्याकडे जाणाऱ्यांनी औंध चुकवू नये. १९३८चं संग्रहालय, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, यमाईच्या डोंगरावर. स्वतः चित्रकार राजा, त्यामुळे निवड डोळस आहे. रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं 'आई आणि मूल'सुद्धा. माणदेशाच्या उंबरठ्यावर हेन्री मूर, कोणाला सांगून खरं वाटत नाही.

मांडवीकाठचो, रविवार रात्री ९:०२

गोंयांतल्यान नमस्कार. मराठीत लिहितो. बाणावलीला 'गोवा चित्र' आहे, व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभं केलेलं. नांगर, घाणा, मापं, ताडीची भांडी, गाडे. तिथे माझे वडील प्रत्येक वस्तूपुढे थांबून "हें आमगेर आशिल्लें" (हे आमच्याकडे होतं) म्हणत होते, आणि नंतर गाडीत बराच वेळ गप्प होते. घर पाडताना ते सगळं आम्हीच भंगारात दिलं होतं.

ओट्यावरचा, रविवार रात्री ९:०४

😶

शेंगोळे, रविवार रात्री ९:३०

एक गंभीर प्रश्न. आमच्या मोठ्या काकांकडे डब्यात जुनी नाणी आहेत, शिशाची वाटतात, शेतात सापडलेली. विकायचा विचार नाही, पण डब्यात गंजताहेत. संग्रहालयाला दिली तर कोणी काही म्हणेल का?

निळी शाई, रविवार रात्री ९:५५

@शेंगोळे, बरं झालं विचारलंत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शिवाय १९७२ चा पुरावस्तूंबाबतचा कायदा आहे. काकांनी तहसील कार्यालयातून किंवा थेट पुरातत्त्व विभागाकडे लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. आणि कृपा करून नाणी घासू नका, चिंच-मीठ तर नकोच! किती लोकांनी उजळवून आणलेली नाणी बघितली मी, वरचं अक्षर सगळं गेलेलं.

खापरतोंड्या, रविवार रात्री १०:०१

दहा रुपये तेव्हाचे की आत्ताचे? आत्ताचे असतील तर मला खिशातला वडापावही कळवावा लागेल.

शेंगोळे, रविवार रात्री १०:०३

काकूने मागच्या दिवाळीत पितांबरी लावली होती त्याला. 🙈

तेरणाकाठ, रविवार रात्री ११:२०

मूळ प्रश्नाला माझं उत्तर. छत्रीराव, तुमचा क्रम चुकला, बाकी काही नाही. काचेपाशी सगळ्यात शेवटी जायचं.

आधी त्रिविक्रमाच्या देवळात जा. मागच्या बाजूनं फेरी मारा. भिंत सरळ नाही, अर्धगोल वळलेली दिसेल, वरचं छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. ते मुळातलं बौद्ध चैत्यगृह, विटांनी बांधलेलं. लेण्यात जे दगडात कोरलेलं बघता ते इथं विटात उभं आहे, आणि आत त्रिविक्रम, तीन पावलांत जग मोजणारा विष्णू. देव बदलला, घर तेच. मग उत्तरेश्वराचं देऊळ बघा. त्याची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात आहे. देऊळ आधी बघितलं की ती चौकट नुसतं लाकूड राहत नाही, ती कुठं बसायची ते डोळ्यापुढं येतं.

विटांबद्दल एक : तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. थाप नाही. मातीत भुसा मिसळलेला, भाजताना तो जळून जातो आणि वीट आतून सच्छिद्र होते. लहानपणी आम्ही तेरणेत सोडून बघायचो. (आता असं करू नका, निळी शाई ओरडतील.)

मग नदीकाठानं पांढरीवर चढा. काही उचलू नका, फक्त पायाखाली बघत चला. खापराचा तुकडा दिसतोच. त्यानंतर संग्रहालयात जा. मग बघा सगळं सारखं दिसतंय का.

इष्टिका, रविवार रात्री ११:३४

तेरणाकाठ, मी पदवी घेऊन जे सांगितलं त्यापेक्षा हे शंभर पट बरं. एक भर : कोल्हापूर आणि कोकणचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. राज्य करायचे कोल्हापुरात आणि कोकणात, बिरुद मिरवायचे तेरचं. रंकाळा, तुमच्या पोसायडनची आणि तेरच्या बाहुलीची अशी लांबची सोयरीक निघते बघा.

रंकाळा, रविवार रात्री ११:४०

मग पोसायडन आमच्याकडंच ठेवतो, बाहुली तुमच्याकडंच ठेवा. पाहुणे म्हणून येत-जात राहू.

हरवलेली छत्री (धागाकर्ता), तीन आठवड्यांनी, रविवार रात्री ८:१५

धागा वर काढतोय. काल परत जाऊन आलो. मुद्दाम, मुंजीशिवाय.

तेरणाकाठ यांचा क्रम पाळला. त्रिविक्रमाच्या मागच्या भिंतीपाशी थोरली म्हणाली, "बाबा, हे कार्ल्याच्या लेण्यासारखं आहे, फक्त बाहेरून." मला हे सुचलं नव्हतं. पांढरीवर धाकट्याला खापराचा काठ दिसला. त्याने उचलला, मी परत ठेवायला लावला, तो रुसला, आणि रुसलेलाच संग्रहालयात आला.

आत इष्टिकाताईंचं ऐकून मूर्तींच्या पाठी बघायच्या होत्या. पण मूर्ती भिंतीलगतच्या कपाटात, पाठ भिंतीकडे. आम्ही वाकून, तिरके होऊन, सगळे प्रकार केले. शेवटी बायकोने पर्समधून पावडरच्या डबीतला आरसा काढला आणि काचेच्या कडेला धरला. एका मूर्तीची वेणी दिसली. पाठीवरून खाली आलेली, शेवटाला काहीतरी गोंडा. मुलांची आरशासाठी मारामारी झाली. धाकट्याने सात मूर्तींच्या वेण्या मोजल्या, दोघींचा अंबाडा. हे सगळं चालू असताना तिथले कर्मचारी आधी संशयाने आले आणि नंतर स्वतःच आरशात बघून गेले.

मग हस्तिदंती बाहुलीपाशी गेलो तेव्हा धाकट्याने माझ्या हातातला आरसा घेतला, डबी उलटी धरली, तिच्याकडे बघितलं, डबीकडे बघितलं आणि विचारलं, "हिला धरून बघायचे का?"

मुंबईला न्या हे मी मागे घेतो. पाट्यांबद्दलचं नाही घेत.

इष्टिका, रविवार रात्री ८:२२

सात वेण्या, दोन अंबाडे. त्या मुलाला माझ्याकडे पाठवा, बँकेत नको जाऊ म्हणावं.

खापरतोंड्या, रविवार रात्री ८:२५

पक्कं मडकं. वडिलांचं नव्हे, धाकट्याचं.

निळी शाई, रविवार रात्री ८:४८

मी वर्षभर पाट्या लिहिल्या आणि एकदाही आरसा लावावा असं सुचलं नाही. उद्या जुन्या साहेबांना फोन करते.

शेंगोळे, रविवार रात्री ९:१०

काकांनी लेखी कळवलं, पोच मिळाली. काकू म्हणते, पितांबरीचं लिहायचं नाही.

नवा भिडू ७, सोमवार सकाळी १०:३१

मस्त माहिती. धागा पूर्ण वाचला नाही, पण आत्ताच निघालोय, ढोकीपर्यंत आलो. संग्रहालय सोमवारी उघडं असतं का?

सोमवारचा उपास, सोमवार सकाळी १०:३२

ये भावा, मिठी मार.